रिसेप्शनचा सूट: आधी मास्टर ठरवा, मग कापड

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरात लग्न आहे, रिसेप्शनला सूट घालायचा आहे. उंची ५ फूट ७ इंच, थोडं पोट सुटलंय, दिवसभर काम लॅपटॉपसमोर. मॉलमध्ये चार-पाच कोट घालून पाहिले. आरशात बरे वाटले, पण मित्राने काढलेल्या फोटोत कुणाचा तरी मागून आणलेला कोट घातल्यासारखं दिसलं. तर रेडीमेड घ्यावा की शिवून घ्यावा, कापड कोणतं, आणि सूट नीट बसलाय हे ओळखायचं कशावरून?

मी पुण्यात कोट कापतो, वडीलही तेच करायचे. त्यामुळे शिवून घ्या असं मी म्हणणार हे उघड आहे. पण उत्तर इतकं सोपं नाही. वाईट शिंप्याकडून शिवलेल्या सुटापेक्षा चांगला निवडलेला आणि चांगला अल्टर केलेला रेडीमेड सूट कितीतरी बरा.

आधी फोटोचं कोडं सोडवू. आरशासमोर उभा राहिला की प्रत्येक जण छाती पुढे काढतो, पोट आत घेतो, मान सरळ करतो. कोट त्या दोन मिनिटांच्या माणसावर बसतो. फोटो काढणाऱ्याने तुम्हाला पकडलं तेव्हा तुम्ही नेहमीसारखे उभे होता: मान थोडी पुढे, खांदे थोडे गोल. लॅपटॉपवाल्यांची ही ठेवण मला आता जवळजवळ रोज दिसते. मान पुढे गेली की पाठीवरचं अंतर वाढतं. मागचं कापड तेवढ्या लांबीचं नसेल तर कोटाची कॉलर मानेपासून सुटते आणि शर्टाच्या कॉलरमागे फट पडते. ती फट तुम्हाला आरशात कधीच दिसत नाही, कारण ती मागे असते. बाकी सगळ्या हॉलला दिसते.

म्हणून ट्रायलला पहिला नियम: सरळ उभे राहू नका. नेहमी जसे उभे राहता तसे राहा, मोबाईलवर दोन मेसेज वाचा, आणि सोबत आलेल्या माणसाला मागून आणि बाजूने फोटो काढायला सांगा. मास्टरला याचा राग आला तर दुसरा मास्टर शोधा.

आता बसणं म्हणजे काय ते. कोटाचे काही भाग नंतर सहज दुरुस्त होतात, काही होत नाहीत. खरेदी करताना फक्त दुसऱ्या प्रकारचे भाग बघायचे असतात. लोक नेमकं उलट करतात. बाही लांब आहे म्हणून चांगला कोट परत ठेवतात, आणि कंबर छान बसली म्हणून खांद्यातून घसरलेला कोट घेऊन येतात.

खांदा सर्वांत महत्त्वाचा. कोटाची खांद्यावरची शिवण तुमच्या खांद्याचं हाड संपतं तिथे संपली पाहिजे. भिंतीला बाजू लावून उभे राहा. दंड भिंतीला टेकायच्या आधी कोटाचं पॅड टेकलं आणि दबलं तर खांदा मोठा आहे. उलट बाही जिथे सुरू होते तिथे दंड बाहेर फुगला आणि शिवणीखाली खळगा पडला तर खांदा लहान आहे. खांदा उकलून पुन्हा बसवणं म्हणजे बाही काढा, पॅड काढा, अस्तर सोडा, कॉलर सैल करा. इतकं काम रेडीमेड कोटावर करण्यात अर्थ नसतो, आणि केलं तरी नीट होईल याची खात्री नसते.

बहुतेकांचे दोन्ही खांदे समान नसतात. एक खांदा पाव-अर्धा इंच उतरलेला असणं अगदी सामान्य आहे. रेडीमेड कोटात उतरलेल्या बाजूला तिरकी सुरकुती दिसते, बगलेपासून कंबरेकडे जाणारी. तिथे पातळ पॅड वाढवून बरंच काम भागतं. शिवून घेताना मात्र हे मापातच आलं पाहिजे. मास्टर माप घेताना फक्त टेपकडे बघत असेल आणि तुम्ही कसे उभे आहात हे वहीत लिहून घेत नसेल, तर त्याने छाती-पोटाचे आकडे घेतले, तुमचं माप घेतलं नाही.

कॉलरचं वर सांगितलंच. फट पडते तसा दुसरा दोषही असतो: कॉलरच्या लगेच खाली आडवी वळी पडते. ती बहुतेक वेळा पाठीच्या वरच्या भागात कापड जास्त झाल्याने येते, आणि चांगला कारागीर कॉलर उकलून ती काढू शकतो. फट दुरुस्त करणं त्याहून कठीण, कारण तिथे नसलेलं कापड आणायचं असतं.

तिसरी गोष्ट मुंढा, म्हणजे बाही जिथे कोटाला जोडतात तो गोल काप, आणि याकडे कुणीच बघत नाही. रेडीमेड कोट वेगवेगळ्या अंगाच्या माणसांना चालावा म्हणून त्याचा मुंढा बहुधा खोल कापलेला असतो. हात वर केला की बाहीसोबत अख्खा कोट वर येतो. लोकांना वाटतं मुंढा मोठा म्हणजे हात मोकळा. होतं उलट. मुंढा बगलेच्या जवळ असेल तर हात एकटा हलतो, कोट जागेवर राहतो. मुंढा खाली गेलेला कोट वर घेता येत नाही, कारण तिथलं कापड कापून टाकलेलं असतं.

हे तीन जमले तर बाकीचं सोपं. कंबर बाजूच्या शिवणीतून एक-दीड इंच सहज आत घेता येते. सैल करायची असेल तर आत किती दाब, म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड, सोडलाय त्यावर अवलंबून; अस्तर उचलून बघायला सांगा. बाहीची लांबी कमी करणं अर्ध्या तासाचं काम, फक्त कफावरची काजं खरोखर उघडणारी असतील तर नाही. मग बाही वरून, खांद्याकडून कमी करावी लागते आणि मजुरी चांगलीच वाढते. बाही मनगटाच्या हाडापर्यंत यावी आणि खाली शर्टाचा कफ एक सेंटिमीटरभर दिसावा. आपल्याकडे बाही अंगठ्यापर्यंत ठेवायची सवय आहे, 'मुलगा वाढेल' या हिशेबाने शिवल्यासारखी. तुम्ही आता वाढणार नाही, पोट सोडून.

कोटाची लांबी मात्र जपून. मागून सीट पूर्ण झाकली गेली पाहिजे. मधली काही वर्षं आखूड कोटांची फॅशन होती, अजूनही दुकानांत ते पुष्कळ लटकलेले दिसतील. पोट असलेल्या माणसाला आखूड कोट सर्वांत वाईट दिसतो, कारण बटणाखाली कोट उघडतो आणि पॅन्टच्या वर शर्टाचा पांढरा त्रिकोण दिसतो. कोट खालून वाढवता येत नाही. फार आखूड करूही नये, खिसे खाली राहतात.

छातीत बटण लावल्यावर बटणाभोवती फुलीसारख्या सुरकुत्या येत असतील तर कोट तंग आहे. हलकी ओढ चालते, ताण नको. लॅपल, म्हणजे कॉलरखालची उलटी दुमडलेली पट्टी, छातीवर पडून राहिलं पाहिजे, धनुष्यासारखं बाहेर फुगता कामा नये.

पोटाबद्दल थोडं सविस्तर, कारण प्रश्नात ते आलंय आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांची तीच अडचण असते. आपल्याकडचे पुरुष पॅन्ट पोटाखाली बांधतात. मग ३८ कंबरेचा माणूस म्हणतो माझी कंबर ३४. आसन (कंबरेपासून जांघेपर्यंतची उंची) आखूड, पट्टा घट्ट, पोट त्यावरून पुढे, आणि चालताना पॅन्ट दर दहा मिनिटांनी वर ओढायची. सुटाची पॅन्ट बेंबीच्या पातळीला किंवा जेमतेम एक-दीड बोट खाली बसली पाहिजे. त्यासाठी आसन लांब हवं. पुढे एक प्लीट घ्या, लाजू नका. बसल्यावर मांडीला जागा मिळते आणि उभं राहिल्यावर कापड सरळ खाली पडतं. पट्ट्याऐवजी बाजूला ॲडजस्टर लावले तर आणखी छान, पोटावर बकलचा उंचवटा येत नाही. बाजूचे खिसे कानासारखे उघडत असतील तर सीट तंग आहे. मागच्या मधल्या शिवणीत बहुधा एखादा इंच दाब असतो, तिथून सोडता येतं.

रेडीमेड सुटाची अडचण इथेच येते. बहुतेक कंपन्या छाती आणि कंबर यांत साधारण ६ इंचांचा फरक धरतात: ४० चा कोट, ३४ ची पॅन्ट. पोट सुटलेल्या माणसात हा फरक दोन-तीन इंचांवर येतो. तो पॅन्ट बसावी म्हणून ४४ चा सूट घेतो आणि कोट खांद्यातून लोंबतो. कोट आणि पॅन्ट वेगवेगळ्या साइजमध्ये देणारं दुकान असेल तरच रेडीमेडचा विचार करा. नसेल तर तुमच्या बाबतीत शिवून घेणं बरं.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे लग्नाच्या सुटाची खरेदी कापडापासून सुरू होते. घरचे पाच जण एसी दुकानात बसतात, चहा-कोल्ड्रिंक येतं, ताग्यांवर तागे उलगडले जातात आणि बजेटचा मोठा भाग तिथेच संपतो. मग उरलेल्या पैशांत शिंपी शोधला जातो, बहुधा दुकानदारच सुचवतो तो. उलट करा. आधी मास्टर ठरवा, त्याच्याशी बोला, आणि निम्मं बजेट शिलाईला ठेवा. साधं कापड चांगल्या हातात चांगलं दिसतं. महाग कापड वाईट हातात गेलं की वाया जातं, आणि फेकवतही नाही.

मास्टर कसा ओळखायचा? दोन प्रश्न विचारा. 'कच्ची ट्रायल देता का?' आणि 'कॅनव्हास घालता की फ्यूजिंग करता?'

कच्ची ट्रायल म्हणजे कोट पांढऱ्या दोऱ्याच्या लांब टाक्यांनी नुसता जोडलेला असतो, खिसे नाहीत, अस्तर नाही, कधी एकच बाही टाचलेली. अंगावर घालून मास्टर खडूने खुणा करतो, टाके उसवतो, पुन्हा टाचतो. या टप्प्यावर खांदा, मान, मुंढा सगळं हलवता येतं. खिसे कापले, अस्तर बसलं की फक्त कंबर आणि लांबी उरते. पुष्कळ ठिकाणी 'ट्रायल'ला बोलावतात तेव्हा कोट जवळजवळ पूर्ण झालेला असतो. ती ट्रायल नाही, डिलिव्हरीची तयारी आहे. गोव्यात ख्रिस्ती लग्नांत नवरदेवापासून मामापर्यंत सगळे सुटात असतात. लहानपणापासून कोट बघितलेली गिऱ्हाईकं असल्यामुळे तिथल्या जुन्या शिंप्यांना कच्च्या ट्रायलवाचून सुटका नसते. आपल्याकडे गिऱ्हाईक मागत नाही, म्हणून ती चाल मोडली.

कॅनव्हासचं असं की कोटाच्या पुढच्या भागाला आकार देण्यासाठी कापड आणि अस्तर यांच्यामध्ये एक थर असतो. जुन्या पद्धतीत तो घोड्याच्या किंवा बकरीच्या केसांचं मिश्रण असलेला कॅनव्हास असायचा, हाताने टाचलेला. तो हळूहळू अंगाचा आकार घेतो आणि लॅपलला गोलाई देतो. फ्यूजिंगमध्ये हा थर गोंदाने, उष्णता आणि दाब देऊन चिकटवतात. स्वस्त, झटपट. वाईट फ्यूजिंग काही ड्रायक्लीननंतर सुटतं आणि छातीवर फुगे येतात, ते परत बसत नाहीत. मी फ्यूजिंगच्या विरोधात नाही. चांगल्या मशीनवर केलेलं वर्षानुवर्षं टिकतं. पण परवडत असेल तर हाफ कॅनव्हास घ्या: छाती आणि लॅपलला कॅनव्हास, खाली फ्यूजिंग. ओळखायचं असेल तर शेवटच्या बटणाखाली बाहेरचं कापड आणि आतलं अस्तर दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून अलग करा. मध्ये तिसरा थर सुटा सरकताना जाणवला तर पूर्ण कॅनव्हास. हीच परीक्षा छातीवर करा. तिथे सुटा लागला आणि खाली चिकटलेला, तर हाफ.

कापड. पॉलिस्टर-व्हिस्कोस, म्हणजे बाजारात टी.आर. म्हणतात ते, बहुतेक लग्नाच्या सुटांत असतं. दिसायला गुळगुळीत, सुरकुती कमी, भाव कमी. दोन दोष: घाम आत कोंडतो आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये चकाकतं. रिसेप्शनच्या फोटोंत नवरदेवाचे खांदे चमकतात ते यामुळेच. बजेट बसत असेल तर टेरीवूल, म्हणजे पॉलिस्टर-लोकर मिश्रण, त्याहून वर शुद्ध लोकरीचं ट्रॉपिकल, म्हणजे हलकं, मोकळ्या विणीचं कापड. लोकर म्हटलं की लोकांना स्वेटर आठवतो. पण पूर्ण पन्ह्याच्या (रुंदीच्या) एका मीटर लांबीला २४० ते २७० ग्रॅम वजनाचं, मोकळ्या विणीचं लोकरीचं कापड पुण्यातच काय, मुंबईच्या हॉलमध्येही पॉलिस्टरपेक्षा गार वाटतं. लिनन सुंदर आहे, पण तासाभरात चुरगळतं; रिसेप्शनला नको.

'सुपर १२०', 'सुपर १५०' या आकड्यांनी फार भारावू नका. तो आकडा लोकरीचा तंतू किती बारीक आहे ते सांगतो: सुपर १०० म्हणजे तंतूची जाडी १८.७५ मायक्रॉनपर्यंत, सुपर १५० म्हणजे १६.२५ पर्यंत. आकडा वाढला की कापड मऊ आणि नाजूक होतं, लवकर चुरगळतं, लवकर झिजतं. तुम्हाला १०० ते १२० पुरे. आणि हे आकडे लोकरीसाठी आहेत. पॉलिस्टरच्या ताग्यावर 'सुपर १५०' छापलेलं मी पुष्कळ पाहिलंय. शंका आली तर कडेचे चार धागे काढून पेटवा. लोकर केस जळाल्यासारखी वासते आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

दोन पीस सुटाला ५८ इंच पन्ह्याचं तीन ते सव्वातीन मीटर कापड लागतं. पहिलाच सूट असेल तर नेव्ही ब्लू किंवा गडद राखाडी घ्या, नंतर ऑफिसला आणि दुसऱ्यांच्या लग्नालाही चालतो. आपल्याकडे निळा सूट म्हटलं की चौकाचौकांतल्या पुतळ्यांमुळे बाबासाहेब डोळ्यांसमोर येतात. १४ एप्रिलच्या आधी निळं कापड मागणारी तरुण पोरं आमच्याकडे येतात आणि बसण्याबद्दल नवरदेवांपेक्षा जास्त चोखंदळ असतात. काळा सूट मात्र दिवसाच्या उजेडात मळकट दिसतो. मरून मखमली ब्लेझर वगैरे हौस असेल तर भाड्याने आणा.

वेळेचं गणित. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, आणि त्याआधी दिवाळीची गर्दी. डिसेंबरच्या लग्नासाठी कापड गणपतीच्या सुमारास मास्टरच्या हातात पडलं पाहिजे, कच्ची ट्रायल नवरात्रात. पॅन्टची कंबर आणि कोटाची कंबर शेवटी पक्की करायची, कारण मध्ये केळवणं असतात. जिममुळे बारीक व्हायचं ठरवलेला नवरदेव केळवणांनंतर दीड इंचाने वाढून येतो, हे आम्हाला पाठ आहे. म्हणून आत दाब भरपूर सोडायला सांगा आणि शेवटची ट्रायल लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी ठेवा.

त्या ट्रायलला रिसेप्शनचाच शर्ट आणि बूट घेऊन या. चपलेवर घेतलेली पॅन्टची उंची बुटावर चुकते. पॅन्ट बुटावर हलकी टेकावी, ढीग होऊ नये. मग खुर्चीत बसा, मिठी मारा, आणि वाकून पायांना हात लावून बघा. स्टेजवर तुम्ही दीड-दोनशे वेळा वाकणार आहात. वाकल्यावर सीट ताणली, पाठीत कापड करकरलं किंवा शर्ट बाहेर आला तर ते त्याच दिवशी सांगायचं. याच कारणाने मी नवरदेवांना मागे दोन कट घ्यायला सांगतो. वाकताना कोट मोकळा होतो आणि खिशात हात घातला तरी मागचं झाकलेलं राहतं.

घालतानाच्या गोष्टी थोड्याच. दोन बटणांच्या कोटाचं वरचं लावायचं, खालचं कधीच नाही. बसताना वरचंही सोडायचं. रेडीमेड असेल तर बाहीवरचं कंपनीचं लेबल काढा, ते मिरवायला नसतं, आणि मागच्या कटांवरचा फुलीचा टाकाही उसवा. टायचं टोक पट्ट्याच्या बकलला टेकावं. मोजे इतके लांब की बसल्यावर पिंढरी दिसू नये. आहेराची पाकिटं आतल्या खिशात कोंबू नका. स्टेजवर करवलीच्या हातात एक पिशवी द्या, नाहीतर तासाभरात एका बाजूने छाती फुगलेली आणि कोट तिकडे ओढला गेलेला दिसतो. मोबाईलही तिच्याकडेच.

लग्नानंतर लगेच ड्रायक्लीनला देऊ नका, डाग नसेल तर गरज नाही. रात्रभर वाऱ्यावर टांगा, मऊ ब्रश फिरवा. लोकरीवर थेट इस्त्री फिरवली की चमक पडते. वर ओला सुती रुमाल टाकून दाबा. रुंद खांद्याचा हँगर वापरा आणि ड्रायक्लीनवाल्याची प्लास्टिकची पिशवी काढून सुती कव्हर घाला. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये बुरशी येते, आणि मळका लोकरीचा कोट ठेवला तर कसर लागते.

आणि डिलिव्हरी घेताना मास्टरकडून उरलेलं कापड मागून घ्या. वीतभर तुकडा असला तरी चालेल, त्याच्या दोऱ्याने पुढे रफू होतं आणि सिगारेटने पडलेलं भोक बेमालूम बुजतं. दोन जादा बटणंही मागा, एक मोठं, एक बाहीचं.